निळी रेघ कुठवर आली

आमच्या विभागातलं सगळ्यात महागडं यंत्र सत्काराच्या शालीखाली झाकलेलं असायचं. दुसरी शाल सूक्ष्मदर्शकावर, तिसरी वजनकाट्यावर. सरांचे सत्कार पुष्कळ व्हायचे आणि प्रत्येक सत्काराहून ते शाल काखेत मारून थेट प्रयोगशाळेत यायचे. नारळ दारावरच्या वॉचमनला मिळायचा. "माणसाला थंडी वाजली तर तो सांगतो," ते म्हणायचे, "यंत्रात धूळ गेली तर ते सांगत न्हाई." नव्या विद्यार्थ्यांना वाटे की सर गंमत करताहेत. यंत्र उघडं टाकून घरी गेलेल्याला दुसऱ्या दिवशी कळे की ती गंमत नव्हती.

आमचं विद्यापीठ नगरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्याला, उसाच्या मधोमध. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की वर्गात मळीचा वास येतो आणि आम्ही खिडक्या लावून शिकवतो. सर आमच्या विभागाचे प्रमुख, विषय मॉलिक्युलर बायोलॉजी. मी वनस्पतींचं वर्गीकरण शिकवते, म्हणजे रानोमाळ हिंडायचं, पानंफुलं गोळा करायची आणि हे कोणतं झाड ते सांगायचं. सर माझ्या विषयाला ‘झाडपाला’ म्हणायचे. मी त्यांच्या विषयाला ‘रंगीत पाणी’ म्हणायचे, कारण दिवसभर ते ह्या नळीतला थेंब त्या नळीत टाकत असत आणि त्या थेंबात काही आहे हे कुणालाच दिसत नसे. सर नगर जिल्ह्यातल्या बेलापुरात वाढलेले, परदेशात दोन वर्षं काढून आलेले, पण बोलणं घरून जसं आणलं तसंच ठेवलेलं. परिषदेत इंग्रजीतून भाषण करताना मध्येच ‘तसं न्हाई’ म्हणून दुरुस्ती करायचे.

तो थेंब दिसता करायची एक रीत आहे. सर कसे होते ते त्या रीतीशिवाय सांगता येणार नाही, म्हणून आधी तीच सांगते. चायना ग्रासची असते तशी एक पारदर्शक वडी करायची. तिला ते लोक जेल म्हणतात. वडीच्या एका कडेजवळ बारीक खाचा असतात, त्यांत निळ्या रंगात कालवलेला नमुना भरायचा. मग वडी खारट पाण्यात बुडवून दोन वायरींनी वीज सोडायची, एक काळी, एक लाल. नमुन्यातला डीएनए काळीकडून लालकडे सरकत जातो, आणि तो साधारण कुठवर आला ते निळी रेघ दाखवते. शेवटी वडी खास दिव्याखाली धरली की हवा तो तुकडा पट्टी होऊन चमकतो, किंवा चमकत नाही. चमकला तर ‘आलं’. नाही तर ‘न्हाई आलं’. सर हे दोन्ही शब्द अगदी एका सुरात उच्चारायचे.

वीज सोडल्यावर पाऊण तास करण्यासारखं काहीच नसतं. बाकी सगळीकडे लोक तेवढ्यात चहाला जातात. सर कुणाला उठू द्यायचे नाहीत. दोन्ही वायरी ते स्वतःच्या हाताने लावायचे, हा मान त्यांनी कधी दुसऱ्याला दिला नाही. मग उंच लाकडी स्टुलावर बसायचे आणि जेल भरणाऱ्याला समोरच्या स्टुलावर बसवायचे. मोबाईल ड्रॉवरमध्ये. त्या पाऊण तासात विज्ञानाचं एक अक्षर बोलायला बंदी. घरी कोण कोण असतं, आई काय करते, विहिरीत पोहता येतं का, कुठल्या भाजीला नाक मुरडतोस, असल्या चौकश्या चालायच्या. मधूनच ते विचारायचे, "निळी रेघ कुठवर आली?" आणि समोरच्याने वाकून बघून सांगायचं. एका मुलाने त्या स्टुलावर बसल्या बसल्या कबूल केलं की त्याला पीएचडी करायचीच नाही, वडिलांचं टायरचं दुकान चालवायचंय. सरांनी दुसऱ्या दिवशी त्याला मोकळं केलं आणि पुढे स्कूटरचे टायर कायम त्याच्याकडेच बदलले.

त्यांच्या खोलीच्या भिंतीवर फसलेल्या प्रयोगांचे फोटो होते. लोक पुढाऱ्यांबरोबरचे फोटो लावतात, ह्यांनी काळ्याकुट्ट चौकोनांची रांग लावली होती. रिकामे जेल, ज्यांत काहीच आलं नव्हतं असे. खाली जाड अक्षरांत कुणी केलं आणि काय चुकलं ते लिहिलेलं. बरेचसे त्यांचे स्वतःचे होते. एकदा नवीन इमारतीच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे आले होते. त्यांना डीएनए बघायचा होता. ऐन वेळी घोटाळा नको म्हणून कुणीतरी आदल्या आठवड्यातला चांगला जेल दिव्याखाली मांडून ठेवला. पाहुणे वाकून "वा, वा" म्हणाले. सर शेजारी उभे. "ह्यो मागचा हाय, साहेब," ते म्हणाले. "आजचा आला न्हाई. आजचा बी दाखवतो." आणि त्यांनी खरोखरच तो रिकामा जेल आणून दाखवला. पाहुणे बराच वेळ त्यात काहीतरी शोधत राहिले.

हे ऐकायला छान वाटतं. सोबत काम करायला तितकं छान नसतं. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी माझ्या व्याह्यांना पंगतीत बसून सांगितलं की मठ्ठा आंबलाय. आंबला होताच, पण मठ्ठा व्याह्यांच्या भावाने करून आणलेला होता. ह्या माणसाचा खरेपणा दुसऱ्यांना महागात पडतो असं माझं मत होतं, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलेलंही होतं. "मग न सांगता सगळ्यांनी प्यायचा व्हय?" एवढंच ते म्हणाले.

आता एका रिकाम्या जागेचं सांगते. आमच्या विभागात मॉलिक्युलर बायोलॉजी शिकवणाऱ्यांच्या दोन जागा. एकीवर सर आणि दुसरी कित्येक वर्षं रिकामी. भरतीला बंदी, मग परवानगी, मग पुन्हा बंदी, असं चाललेलं. सर निवृत्त व्हायला आले तरी जागा भरली नव्हती. ते गेले की विषय शिकवणारं कुणी उरणार नव्हतं, म्हणजे विषय बंद, प्रयोगशाळेला कुलूप आणि शालीसकट यंत्रं कुठल्या तरी कोपऱ्यात.

आणि लिंबं. श्रीगोंद्याकडे कागदी लिंबाच्या बागा आहेत. रोप लावताना हिरवंगार असतं. फळ धरायची वेळ आली की पानं पिवळी पडतात आणि झाड शेंड्याकडून वाळत येतं. रोग कधी कधी रोपातच असतो, पण तेव्हा तो डोळ्यांना दिसत नाही. पानाच्या एका तुकड्यावरून रोगी रोप आधीच ओळखता येईल अशी सोपी, स्वस्त तपासणी सरांना बसवायची होती. कधी ती यायची, कधी नाही. "ज्याच्यावर भरवसा ठेवून माणूस रोपं उपटून टाकणार, ते कधीमधी येऊन चालत न्हाई," ते म्हणायचे. निवृत्तीनंतरही मानद म्हणून प्रयोगशाळा त्यांच्याकडेच राहील, असं कुलगुरूंनी तोंडी कबूल केलं होतं. त्यांना आयुष्याकडून आणखी काही हवं असल्याचं मी कधी ऐकलं नाही.

त्याच सुमारास मला काही गोष्टी जाणवत होत्या. सर व्हरांड्यातून चालताना एक हात भिंतीवरून फिरवत यायचे. नळ्यांवरची त्यांची अक्षरं फारच मोठी झाली होती. मी दारात उभी राहिले तर चपलांचा आवाज होईपर्यंत ते ओळखायचे नाहीत. साखरेचा आजार जुना होता. मी म्हटलं, "सर, डोळे दाखवून घ्या." ते म्हणाले, "तुमी तुमच्या झाडपाल्याकडं बघा, बाई." मी बघितलं.

शेवटी जागा भरायची परवानगी आली. मुलाखतीसाठी बोलावलेल्यांची सकाळी एक प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायची, असं सरांनी ठरवलं. नियमात ती नव्हती, पण घेऊ नये असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. पाच उमेदवार होते. सगळ्यांनी मिळून एकच जेल भरायचा, प्रत्येकाने आपापल्या खाचेत आपला नमुना घालायचा, आणि मग नेहमीसारखं पाऊण तास बसायचं. "हात कसा चालतो ते भरताना कळतं," सर मला म्हणाले, "माणूस कसा हाय ते बसल्यावर."

पाचांपैकी दोघांचंच सांगते. एक हैदराबादच्या मोठ्या संस्थेतून आलेला तरुण. भरपूर शोधनिबंध, बोलणं मऊ, सगळ्यांना वाटत होतं जागा त्याचीच. दुसरी विशाखा. भिंगारची. वडील लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, आजोबांच्या पिढीत घर बौद्ध झालेलं. नगरच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवत होती, म्हणजे दर जूनला नेमणूक आणि दर मार्चला घरी. अशी तिची किती वर्षं गेली होती ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नोकरीच्या वयाची अट तिला आता फार दिवस पुरणार नव्हती. ही जागा तिला मिळाली नाही तर पुढच्या जागेसाठी ती अर्जही करू शकली नसती. हे मला तिचा अर्ज वाचताना कळलं.

निवड समितीतली माणसं भिंतीकडेच्या खुर्च्यांवर चहा पीत बसली होती. कुलगुरूंचे प्रतिनिधी अध्यक्ष, एक स्थानिक सदस्य, परभणीकडून आलेले एक वयस्कर तज्ज्ञ, आणि विभागातली ज्येष्ठ म्हणून मी. विभागप्रमुख म्हणून सर स्वतःही समितीत होतेच. उमेदवारांनी आपापले नमुने भरले. हैदराबादच्या मुलाचा हात सगळ्यात सफाईदार होता. मग सर पुढे आले, वायरी लावल्या, बटण दाबलं, स्टुलावर चढून बसले आणि त्या मुलाला म्हणाले, "घरी कोण कोण असतं?"

त्याने आईवडील सांगितले, बहीण सांगितली आणि बोलता बोलता तो थांबला. तो जेलकडे बघत होता. मग त्याने सरांकडे बघितलं आणि मग स्वतःच्या बुटांकडे. मला रंगीत पाण्यातलं काही कळत नाही, पण चेहरे कळतात. दुसऱ्या उमेदवाराने जेलकडे बघितलं आणि तोही खाली बघायला लागला. तिसऱ्याने घसा खाकरला, पण बोलला काहीच नाही. विशाखाने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. तिला वाटत असावं की आपल्याहून अनुभवी कुणीतरी बोलेल.

"सर, बंद करा," ती म्हणाली. "उलटं चाललंय."

"काय उलटं चाललंय?"

"रंग मागं चाललाय. वायरी उलट्या लागल्यात. थोडा वेळ गेला तर सगळ्यांचे नमुने पाण्यात जातील."

"कुणी लावल्या वायरी?"

तिने श्वास घेतला. "तुम्ही, सर."

सरांनी चाचपून बटण बंद केलं. मग स्टुलावरून उतरले आणि त्या पाण्याच्या पेटीवर इतके वाकले की नाक पाण्याला लागेल असं मला वाटलं. "बरोबर हाय," ते म्हणाले.

अध्यक्षांनी कप बशीत ठेवला आणि मोठ्याने हसले. "मानलं तुम्हाला सर. परीक्षा घ्यावी तर अशी." खोलीतला ताण एकदम सुटला. उमेदवारही हसायला लागले. हैदराबादचा मुलगा म्हणाला, "मला शंका आलीच होती, सर. पण म्हटलं, तुमची काहीतरी योजना असेल." मलाही क्षणभर तसंच वाटलं, आणि सुटल्यासारखं झालं. सरांनी नुसतं हसायचं होतं. बाकी सगळं आपोआप झालं असतं.

"परीक्षा न्हवती ती," सर म्हणाले. "माझी चूक झाली."

"असू द्या हो, विनय पुरे झाला."

"विनय न्हाई. लाल कुठली आन् काळी कुठली ते मला आता दिसत न्हाई. अंदाजानं लावतो. आज अंदाज चुकला."

आता कुणीच हसत नव्हतं. अध्यक्षांनी मला नजरेने बाहेर बोलावलं. व्हरांड्यात ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, सरांना समजवा. परीक्षा होती असं त्यांनी म्हटलं तर इतिवृत्तात तसं लिहू. ती मुलगी एकटी पास, बाकी नापास, विषय संपला. नाहीतर सगळं प्रात्यक्षिक रद्द धरावं लागेल. मग फक्त कागद बघायचे, आणि कागदावर हैदराबाद पुढं आहे. शिवाय डोळ्यांचं असं उघड झाल्यावर मानद नेमणुकीचं काय होईल ते तुम्हीच बघा." माणूस वाईट नव्हता. सगळ्यांचं भलं होईल असाच मार्ग तो काढत होता.

मी सरांना गाठलं आणि सगळं सांगितलं, सकाळी कोण कोण खाली बुटांकडे बघत होतं तेही. विनवणीही केली. म्हटलं, एका वाक्याचा प्रश्न आहे. तुमची प्रयोगशाळा राहते, तुमची लिंबं राहतात, आणि त्या मुलीला नोकरी लागते, जिला ती मिळावी असं तुम्हालाही वाटतंय. ह्यात कुणाचं नुकसान आहे?

सर भिंतीला हात लावून उभे होते. "बाई," ते म्हणाले, "मी तिला इचारलं, कुणी लावल्या. ती काय म्हणाली?"

"तुम्ही, म्हणाली."

"मला खूश ठेवायचं सोडून खरं बोलली. आन् आता मी म्हणू, मुद्दाम केलं हुतं? तिनं खरं बोलून जागा मागायची आन् मी खोटं बोलून द्यायची?"

मला त्यांचा राग आला. इतका की मी म्हणाले, "तुमच्या खरेपणापायी तिची नोकरी जाईल. तुमचा मान राहील आणि ती मार्चमध्ये घरी बसेल." हे त्यांना लागलं. त्यांचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. पण ते बदलले नाहीत.

दुपारी मुलाखती झाल्या. विशाखाची चांगली झाली, त्या मुलाचीही झाली. मग बंद खोलीत चर्चा सुरू झाली. स्थानिक सदस्य म्हणाले की जागा खुल्या गटातली आहे, ह्या मुलीला पुढेमागे राखीव जागा निघेलच, तेव्हा इथे दुसऱ्याला संधी द्यावी. सर शांतपणे म्हणाले, "खुली म्हंजे कुणाला खुली, तेवढं कागदावर लिहून द्या. मी सही करतो." सदस्यांनी विषय बदलला.

मग सर बोलले, आणि त्यांना इतकं सलग बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "सकाळचं प्रात्यक्षिक रद्द धरायचं म्हणता, धरा. मार्क देऊ नका. पण झालं ते झालं, ते लिहायचं. विभागप्रमुखानं चूक केली, ती पाच जणांना दिसली, एकीनं सांगितली, असं लिहा. परीक्षा हाय म्हणल्यावर कुणीबी शहाण्यासारखं वागतं. सकाळी परीक्षा न्हवती. माझी सगळी उमर ह्या खोलीत गेली. माझ्यामागं हितं ज्यानं उभं राहायचं, त्यानं पोरांना काय शिकवायचं? वर बसलेल्याचं चुकलं तर बूट बघायचे?"

परभणीचे वृद्ध तज्ज्ञ तोपर्यंत एक शब्दही बोलले नव्हते. ते म्हणाले, "माझं मत ह्या मुलीला." मग माझं. अध्यक्षांनी बराच वेळ पेन फिरवलं. शेवटी विशाखाचं नाव पहिलं लिहिलं गेलं आणि सरांची चूकही, त्यांच्या शब्दांत, त्यांच्या सहीने, त्याच इतिवृत्तात.

सरांची मानद नेमणूक झाली नाही. झाली नाही हे बरोबरच होतं, ज्वलनशील द्रव आणि विजेच्या वायरी असलेली खोली न दिसणाऱ्या माणसाच्या ताब्यात कोण देईल? पण बरोबर असलेली गोष्ट सोसायला सोपी असते असं नाही. निरोप समारंभात आणखी एक शाल मिळाली. ती घेऊन ते प्रयोगशाळेत आले, चाचपडत यंत्राजवळ गेले, जुनी शाल काढून नवी घातली, आणि किल्ली विशाखाच्या हातात दिली. मी पाठ फिरवून खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिले.

त्यानंतर आठवड्यातून एखाद्या दिवशी मी त्यांना माझ्या गाडीतून विभागात आणायचे. ते त्यांच्या स्टुलावर बसायचे. वायरी आता विशाखा लावायची. लावताना मोठ्याने म्हणायची, "काळी खाचांकडं, लाल पलीकडं," आणि सर मान हलवायचे. मग पाऊण तास बसणं. विज्ञानाला बंदी होतीच. तिच्या आईचे गुडघे, भिंगारच्या बाजारातली मेथी, तिचा भाऊ रिक्षा विकून टेम्पो घ्यावा म्हणतो ते. "निळी रेघ कुठवर आली?" सर विचारायचे. "निम्म्यावर, सर." "बरं. मग टेम्पोचं काय म्हणत हुतीस?"

लिंबाची तपासणी विशाखाने पुढे चालू ठेवली होती. सरांची साखर आता मूत्रपिंडांपर्यंत पोचली होती. नगरच्या दवाखान्यात त्यांना यंत्रावर रक्त शुद्ध करायला न्यावं लागायचं, आणि येणं होईनासं झालं. तरी एके दिवशी हट्ट करून आले. श्रीगोंद्याच्या रोपवाटिकांतून आणलेल्या पानांवर विशाखा नव्या पद्धतीने तपासणी करणार होती, आणि ही पद्धत चालेल असं दोघांनाही वाटत होतं. सर स्टुलावर बसले तेव्हा त्यांचे पाय सुजलेले होते. चपला पायात जात नव्हत्या. पुन्हा इथे येणं होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, मला होतं आणि तिलाही.

पाऊण तास झाला. तिने जेल दिव्याखाली ठेवला. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. नुसता काळा चौकोन.

"आलं का?" सरांनी विचारलं.

मी तिच्याकडे बघून मान हलवली. हो म्हण, एवढंच. ओठांनीही म्हटलं, हो म्हण. त्यांना दिसणार नव्हतं. ते कुणाला विचारणार नव्हते. आज हो ऐकून गेले असते तर जगात कुणाचंही काही बिघडलं नसतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, म्हणेल.

"न्हाई आलं, सर," ती म्हणाली. त्यांच्याच बोलीत.

सर सुजलेल्या पायांनी स्टुलावरून उतरले. मग म्हणाले, "फोटो काढ. भिंतीला लाव." मी त्यांना गाडीतून घरी सोडलं. त्या मुलीवरचा माझा राग दोन दिवस गेला नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसले होते. फोन वाजला. विशाखाचा होता. मी फोन त्यांच्या कानाशी धरला आणि तिचा आवाज मलाही ऐकू आला. "सर, आलं," ती म्हणाली. "तीनदा केलं, तिन्ही वेळा आलं." सर म्हणाले, "बरं," आणि हाताने खूण केली की ठेवा.

मी थक्क झाले. हा माणूस ‘आलं’ म्हणणाऱ्याला दहा प्रश्न विचारायचा. कुठला नमुना, किती वेळ, पाणी बदललं होतं का, सोबतचा निरोगी नमुना लावला होता का, दाखव. आयुष्यभर वाट बघितलेली गोष्ट झाली आणि ह्यांनी एकही प्रश्न केला नाही. मी म्हटलं, "सर, काहीच विचारलं नाहीत तिला?"

त्यांनी डोळे मिटले होते. "त्या दिवशी तुमी तिला हो म्हणायला सांगत हुता. मला दिसलं न्हाई, पण कळलं," ते म्हणाले. "तरी न्हाई म्हणाली ती, बाई. मग आता आलं म्हणती, तर आलंच."

मग त्यांनी विचारलं की बाहेर अजून ऊन आहे का. मी आहे म्हटलं.